स्पातले पैसे नेमके कशाला द्यावेत? साताऱ्यातला तीन महिन्यांचा हिशेब

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी, २७ ऑक्टोबरला भिशी लागली. १५,००० रुपये. सकाळी उठताना कंबर आखडलेली आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याशी धरलेली गाठ, या दोन तक्रारींसाठीच हे पैसे वापरायचे असं नणंदेचं आणि माझं आधीच ठरलं होतं. प्रश्न होता तो कशावर वापरायचे याचा. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत नुसत्या पाट्या वाचत गेलं तरी कांस्य थाळी, फूट डिटॉक्स, गोल्ड फेशियल, शिरोधारा, 'एकदिवसीय पंचकर्म' असं सगळं दिसतं. त्यात यवतेश्वर आणि पाचगणीच्या बाजूच्या रिसॉर्टांची दरपत्रकं धरली, तर एकाच 'मसाज' शब्दासाठी १५० पासून ७,००० रुपयांपर्यंत आकडे निघतात. तीन महिन्यांत जे केलं, ते क्रमानं लिहिते आहे. ज्यांना पाटीपुढे उभं राहून काही कळत नाही, त्यांना यातला हिशेब उपयोगी पडेल.

पहिले चार दिवस फक्त फोन. नऊ ठिकाणी तेच प्रश्न विचारले. साठ मिनिटांत प्रत्यक्ष हात अंगावर किती मिनिटं असतो? तेल कोणतं, आणि बाटली बघायला मिळेल का? कर धरून एकूण किती? एकच बैठक घेता येते की पॅकेजच घ्यावं लागतं? पहिल्या प्रश्नाला नऊपैकी तिघांनीच सरळ उत्तर दिलं. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे समोरून उलट प्रश्न येतो का. बीपी आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का, हे न विचारता जो लगेच वेळ देतो, तिथे जाऊ नये. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल तर पोटरी जोरात चोळणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर गरम दगडानं किंवा गरम तेलानं भाजलेलंही कळत नाही.

'पंचकर्म' या शब्दाचा खुलासा फोनवरच करून घ्यावा. वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब करवणं), बस्ती (गुदद्वारातून औषध देणं), नस्य (नाकात औषध घालणं) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. अंगाला तेल लावणं आणि वाफ देणं, म्हणजे स्नेहन आणि स्वेदन, ही त्यांची पूर्वतयारी आहे. खरं वमन किंवा विरेचन करायचं तर आधी तीन ते सात दिवस औषधी तूप पोटात घ्यावं लागतं, आणि नंतर पेजेपासून सुरुवात करून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावं लागतं. त्यामुळे एका दिवसात पंचकर्म होत नाही. त्या पाटीखाली मिळतो तो मालिश आणि वाफ. तो चांगला असू शकतो, पण पैसे मालिश-वाफेच्या दरानंच द्यावेत.

३ नोव्हेंबरला शहरातल्या एका आयुर्वेद दवाखान्यात तपासून घेतलं. केसपेपरसह ३०० रुपये. वैद्यांची पदवी बीएएमएस आहे ना आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे ना, हे बसल्या जागेवरून दिसायला हवं. बीपी, साखर, उताणं झोपवून एकेक पाय सरळ उचलून बघणं, असं सगळं पंचवीस मिनिटं चाललं. पायात मुंग्या किंवा जोर कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप किंवा वजन घटण्यासोबतचं पाठदुखणं, यातलं काही असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, तेलाकडे नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझ्यात तसं काही नव्हतं. संमतीपत्र वाचून सही केली. तेलाचे दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास थांबायला सांगितलं. लाल झालं किंवा खाजलं तर ते तेल आपल्यासाठी नाही.

उपचार तिथेच सुरू करता आले असते. पण बाकीचं बघितल्याशिवाय फरक कळणार नव्हता, म्हणून आधी स्वस्त गोष्टी.

८ नोव्हेंबर, कांस्य थाळी. १५० रुपये, वीस मिनिटं. खुर्चीत बसायचं, तळपायाला तेल किंवा तूप लावतात आणि यंत्रावरची काशाची थाळी फिरत राहते. तळपाय हलके होतात, त्या रात्री झोपही बरी लागते. शेवटी तळव्यावर काळपट थर दिसतो आणि 'ही शरीरातली उष्णता निघाली' असं सांगतात. तो काळेपणा धातूचा आहे. काशात तांबं आणि कथील असतं. तेल, घाम आणि त्वचेचा आंबटपणा यांच्याशी घासताना धातू काळा पडतो. थर जास्त आला म्हणून उपचार जास्त लागू पडला असं होत नाही. १५० रुपयांत ही चांगली वस्तू आहे, फक्त दुसऱ्याच्या पायाखालची थाळी तुमच्यासमोर साबणानं धुवून घ्यायला सांगा. पायाला भेगा किंवा चिखल्या असतील तर बसूच नका. घरी आजीची काशाची वाटी असेल तर चमचाभर तुपात हेच काम होतं.

दुसऱ्या दिवशी फूट डिटॉक्स. ५०० रुपये, अर्धा तास. कोमट पाण्याचं टब, त्यात मीठ, मधोमध धातूच्या पट्ट्यांचा गुंडाळा, बाहेर विजेचा डबा. दहा मिनिटांत पाणी पिवळं, मग गंजासारखं तपकिरी, वर फेस. भिंतीवर तक्ता: हा रंग यकृताचा, तो सांध्यांचा. बसण्याआधी नणंदेनं विनंती केली, "दादा, एकदा पाय न घालता चालू करून दाखवा ना." मुलानं दाखवलं. पाय नसतानाही पाणी तसंच तपकिरी झालं. खारट पाण्यातून वीज गेली की धातूची पट्टी गंजते, तोच तो रंग. मीठ जास्त टाकलं की रंग लवकर आणि गडद येतो. कोमट पाण्यात पाय बुडवून बरं वाटतं, ते घरच्या बादलीतही वाटतं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या टबात पाय घालू नये. या ५०० रुपयांचा उपयोग एवढाच, की पुढे 'डिटॉक्स' शब्द असलेलं काहीही यादीतून काढून टाकता आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार, पाचगणी. शनिवार-रविवारचा दर वेगळा असतो, म्हणून मुद्दाम मधला वार. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च जाणवला नाही. रिसॉर्टमधला डीप टिश्यू मसाज, साठ मिनिटं, ३,५०० अधिक जीएसटी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक जुनंच छापलेलं होतं, त्यावर १८ टक्के लिहिलेले. विचारल्यावर काउंटरवरच्या ताईंनी लगेच बिल दुरुस्त केलं: १७५ रुपये कर, एकूण ३,६७५. विचारलं नसतं तर ४५५ रुपये जास्त गेले असते.

हातात घड्याळ नव्हतं, पण भिंतीवर होतं. स्वागताचा चहा, पाय धुणं आणि फॉर्म भरणं यात दहा मिनिटं. शेवटी गरम टॉवेल आणि 'आराम करा' यात सहा. हात अंगावर राहिला तो ४४ मिनिटं. हिशेब केला तर मिनिटाला साधारण ८४ रुपये. मात्र ते ४४ मिनिटं उत्तम होते. त्या मुलीनं फऱ्याच्या कडेची गाठ अंगठ्यानं न दाबता कोपराच्या खालच्या सपाट भागानं, श्वास सोडताना हळूहळू दाबली, आणि प्रत्येक वेळी दहापैकी किती दुखतंय ते विचारलं. सहाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. जास्त दुखलं म्हणजे जास्त फायदा, ही समजूत चुकीची आहे. स्नायू आखडून धरतो आणि हाताला उलट विरोध करतो. पुढचे दोन दिवस व्यायाम केल्यासारखं अंग ठणकणं ठीक, निळे डाग पडणं ठीक नाही.

जाण्यापूर्वी माहीत असतं तर 'फक्त पाठ-खांदे, तीस मिनिटं' हा प्रकार घेतला असता. तो दरपत्रकाच्या मागच्या पानावर होता, निम्म्याहून थोड्या जास्त दरात. त्यात पायांवर आणि हातांवर जाणारा वेळ वाचतो आणि दुखतं तिथेच हात राहतो. हॉट स्टोन, स्ट्रॉबेरी स्क्रब, चॉकलेट रॅप हे त्याच पानावर हजार-दीड हजार जास्तीचे होते. गरम दगडानं ऊब मिळते, ती खोटी नाही, पण दगड ठेवून मसाज करणारी व्यक्ती थांबली तर तुम्ही दगडाला पैसे देत आहात. रॅपमध्ये बहुतेक वेळ तुम्ही प्लास्टिकमध्ये एकट्या पडून असता. गोल्ड फेशियलमधलं सोनं त्वचेत मुरत नाही. चेहरा उजळतो तो चोळण्यानं रक्त वर आल्यामुळे, आणि तो उजाळा दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. लग्नाच्या आदल्या दिवशी एवढंच हवं असेल तर साधं फेशियल घ्यावं.

यानंतर खरी निवड सोपी झाली. १८ आणि २५ नोव्हेंबरला, मग १६ आणि ३० डिसेंबरला त्याच दवाखान्यात अभ्यंग आणि स्वेदन घेतलं. बैठकीला १,००० रुपये, आणि नोंदणीकृत वैद्यांनी दुखण्यावर दिलेला उपचार असल्यानं जीएसटी नाही. दोन मावशी दोन्ही बाजूंनी, ३५ मिनिटं. मिनिटाला साडेअठ्ठावीस रुपये आणि हात चार.

अभ्यंगात पैसे वसूल होतात की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे तेलाची ऊब. तेल थेट गॅसवर तापवत नाहीत. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवतात आणि मधून मधून बदलतात. साताऱ्यात डिसेंबरमध्ये तेल पाच मिनिटांत निवतं, म्हणून दोन वाट्या हव्यात, एक हाताशी आणि एक पाण्यात. दुसरी म्हणजे प्रमाण. पूर्ण अंगाला १०० ते १५० मिली लागतं. पन्नास मिलीत हात ओढतो, त्वचा खेचली जाते आणि केस दुखतात. तिसरी गोष्ट हाताची दिशा: हातापायांवर लांब, सांध्यांवर गोल. गुडघ्यावर लांब हात फिरवणाऱ्या व्यक्तीला शिकवलेलं नाही असं समजावं. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते, ती वाचा. माझ्यासाठी महानारायण तेल होतं.

मग वाफेची पेटी. डोकं बाहेर, आत निर्गुडीच्या पाल्याची वाफ. कपाळावर घाम फुटला की पुरे, मला नऊ मिनिटं लागली. डोक्यावर ओला पंचा ठेवतात; नसेल तर मागून घ्या. "ताई, छातीत धडधडलं तर लगेच सांगायचं, संकोच करायचा नाय," असं मावशींनी पेटी बंद करण्याआधीच बजावलं. वाफेनंतर वजनकाट्यावर अर्धा किलो कमी दिसतं ते पाणी असतं, दोन ग्लास पाण्यात परत येतं. बाहेर येताना तेलकट पाय आणि ओली फरशी, यातच सगळ्यात जास्त अपघात होतात. घरची रबरी चप्पल न्या. जेवण दोन-तीन तास आधी झालेलं असावं, बांगड्या आणि मंगळसूत्र घरी ठेवावं कारण वाफेत धातू तापतो, आणि परतताना घालायला जुने सुती कपडे असावेत. तेल काढायला साबणाऐवजी हरभऱ्याचं पीठ बरं, पण ते मोरीच्या जाळीत साचून घट्ट बसतं, म्हणून आधी कोरड्या पिठानं पुसून ते कागदात गोळा करायचं.

मध्ये २९ नोव्हेंबरला सांगलीला गेले. नणंदेनं विश्रामबागेत हळदीचा बॉडी रॅप घेतला, १,८०० रुपये, तिच्या पैशांनी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि पाटीवर तेच ठळक लिहिलेलं होतं. हळद चांगलीच होती. पण वचन होतं 'कंबर दोन इंच कमी'. आधी आणि नंतर आम्ही आमच्याच टेपनं मोजलं: लगेच पाऊण इंच कमी, दुसऱ्या दिवशी सकाळी जसंच्या तसं. घट्ट गुंडाळल्यानं आणि घामानं एवढा फरक पडतो. पिवळेपणा पाण्यानं गेला नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी खोबरेल लावून पुसून घेतलं, मग साबण. टॉवेलवरचे डाग उन्हात वाळवल्यावर दोन दिवसांत बरेच उडाले.

१ ते ७ डिसेंबर रोज सकाळी कटिबस्ती, म्हणजे कंबरेवर पिठाचं पाळं करून त्यात कोमट तेल धरून ठेवणं; नावात बस्ती असली तरी ती वरच्या पाच कर्मांतली नव्हे. बैठकीला ५०० रुपये. सगळ्यात जास्त गुण मला यात आला, आणि सगळ्यात जास्त बिघडण्यासारखंही यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उडदाचं पीठ, साधारण पाव किलो, पापडाच्या लाट्यांसारखं घट्ट मळतात. त्याची वळी करून कंबरेवर गोल पाळं बांधतात, चार-पाच सेंटिमीटर उंच आणि आत तळहात मावेल एवढं. त्यात १५० ते २०० मिली कोमट तेल ओततात, आणि निवलं की कापसानं टिपून गरम तेल घालतात. एकूण अर्धा तास.

पहिल्या दिवशी पाळं दहाव्या मिनिटाला गळलं. कारण साधं होतं. आधी कंबरेला तेल चोळलं होतं आणि ती जागा नीट पुसली नव्हती. तेलकट कातडीला पीठ धरत नाही. दुसऱ्या दिवशी जागा कोरड्या पंचानं पुसली आणि पाळ्याचा आतला सांधा ओल्या बोटानं लिंपला, तेव्हा थेंबही बाहेर आला नाही. पीठ सैल असेल तर गरम तेलानं मऊ होऊन बसतं. फार घट्ट असेल तर श्वास घेताना भेग पडते. आणखी एक: तेल मधोमध ओतू द्यायचं नाही, कडेनं चमच्यानं सोडायचं. एकदम मधे पडलं तर चटका बसतो आणि माणूस दचकून हलतो, मग पाळं सुटतं. पालथं अर्धा तास पडायचं म्हणजे पोटाखाली पातळ उशी हवी, नाही तर उठताना कंबर आणखी धरते. उठायचंही कुशीवर वळूनच.

पाचव्या दिवसापासून सकाळचं आखडणं निम्म्यावर आलं. ऊब खोल जाते आणि स्नायू सैल होतात, एवढंच काम आहे. मणक्यातली चकती यानं जागेवर जात नाही, आणि कोणी तसं सांगितलं तर तिथून उठावं. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली तेलाची बाटली सातही दिवस वेगळी ठेवली होती. हे आधीच विचारून घ्या, कारण तेल महाग असतं आणि एकाचं दुसऱ्याला वापरण्याचा मोह होऊ शकतो.

सातव्या दिवशी पॅकेजचा विषय निघाला, पण या दवाखान्यात नाही. फोन केलेल्या दुसऱ्या एका केंद्रातून निरोप आला: दहा बैठका सातच्या दरात, आजच पैसे भरले तर. अटी लेखी मागितल्या. मुदत ४५ दिवस, पैसे परत नाहीत, वेळ केंद्र ठरवेल. सणासुदीत दहा वेळा जाणं जमणारच नव्हतं. न घेतलेल्या बैठकीचे पैसे परत मिळतील हे कागदावर नसेल तर आगाऊ भरू नका. भरलेच असतील आणि अडकले तर पावती घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या वादाला जिल्हा ग्राहक आयोगात दाव्याचं शुल्कही नाही. आरोग्य विम्याचं विचाराल तर स्पा आणि निसर्गोपचार केंद्रातला खर्च नेहमीच्या पॉलिसीत वगळलेला असतो, तेव्हा 'क्लेम होईल' या बोलण्यावर विसंबू नका.

६ जानेवारीला शिरोधारा, १,५०० रुपये, पस्तीस मिनिटं. दीड-दोन लिटर तेल लागतं म्हणून दर जास्त. धार कपाळापासून चार बोटांवरून, करंगळीएवढी जाड, संथ डावीकडून उजवीकडे. उंचावरून सोडली तर टपटप जाणवते आणि डोकं जड होतं. थंडीत तेल खाली गोळा होऊन परत वर घालताना पुन्हा कोमट करायला हवं. मला शेवटच्या दहा मिनिटांत ते गार लागलं आणि सांगितल्यावरच बदललं. डोळ्यांवर आणि कानांत कापूस. नंतर गाडी चालवायची नाही, इतकी सुस्ती येते. त्या रात्री आठ तास झोपले. झोपेसाठी, मन शांत व्हावं म्हणून एखाद्या वेळी घ्यायला हरकत नाही. केस दाट होतील म्हणून सात बैठकांचे साडेदहा हजार मी भरणार नाही.

संक्रांतीला हिशेब मांडला: ३००, १५०, ५००, ३,६७५, अभ्यंगाचे ४,०००, कटिबस्तीचे ३,५००, शिरोधारेचे १,५००. एकूण १३,६२५. उरलेल्या १,३७५ मधून लाकडी घाण्याचं तीळतेल आणि उडदाचं पीठ आणलं. कटिबस्तीचं उरलेलं तेल मागितल्यावर नावाच्या चिठ्ठीसकट घरी मिळालं. ते गुडघ्यांना चालतं. आता दर रविवारी नणंद सांगलीहून आली की पाटावर बसून एकमेकींच्या पाठीला वीस मिनिटं तेल, पाण्याच्या पातेल्यात दोन वाट्या.